ग्लूटेनमुक्त आहार (चंद्रपूर–गडचिरोली)

गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लूटेन हे प्रथिन पूर्णपणे वगळलेला आहार. सीलिअ‍ॅक विकारात तो जन्मभर पाळावा लागतो. दुसरा उपचार नाही. या विकारात ग्लूटेन पोटात गेले की रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. मग जुलाब, मुलांची खुंटलेली वाढ, लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय. गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1940 च्या दशकात उजेडात आणला.

भारतात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या विकाराची प्रतिपिंडे उत्तरेत 1.23 टक्के, तर दक्षिणेत 0.10 टक्के प्रौढांत आढळली. जनुकीय प्रवणता दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. मोठा फरक होता तो रोजच्या गव्हात.

या दृष्टीने झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याचे, ताट मोलाचे आहे. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल आणि पलीकडे गडचिरोलीचा मोठा भाग धानाचा. भात, तांदळाची भाकरी, पोहे, मुरमुरे, आंबील, मोहफुले यांत मुळात ग्लूटेन नाही. वरोरा-राजुऱ्याकडच्या ज्वारीतही नाही. महाराष्ट्रभर खाल्ला जाणारा ‘एचएमटी’ तांदूळ याच मातीतला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये ‘पटेल 3’ वाणाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचे बी राखून, वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी बारीक दाण्याचे हे वाण सिद्ध केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले. पुढे कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘पीकेव्ही-एचएमटी’च्या श्रेयावरून वाद झाला. खोब्रागडे 3 जून 2018 रोजी वारले. ग्लूटेनमुक्त आहाराच्या नोंदीत त्यांचे नाव हवेच, कारण इथल्या रुग्णाला महागड्या पाकिटांची गरज पडत नाही ती अशा धानामुळे.

गहू घरात येतो तो आडवाटेने. बिस्किटे, शेवया, टोस्ट ही उघड नावे. सांबारवडीच्या (कोथिंबिरीचे सारण भरलेल्या वडीच्या) पारीत बेसनाबरोबर कणीक किंवा मैदा असतो. बाजारच्या बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. राज्य सरकारने रेशनवर दिलेल्या दिवाळी 2022 च्या ‘आनंदाचा शिधा’ संचात रवा होता. पुढच्या वर्षी मैद्याची भर पडली. सर्वांत फसवी जागा गिरणी. गव्हानंतर त्याच जात्यात तांदूळ टाकला, तर पाळ्यांत आणि पिठाच्या पिशवीत अडकलेली कणीक पहिल्या काही मुठींत उतरते. भारतीय नियमानुसार ग्लूटेनमुक्त पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. ती मर्यादा ओलांडायला चिमूटभर कणीक पुरते. घरचे जाते किंवा स्वतंत्र चक्की हाच खात्रीचा उपाय.

ओट्स : शुद्ध असल्यास बहुतेकांना चालतात.

थायरॉइड : हाशिमोटोचा विकार (हाकारू हाशिमोटो, 1912) असलेल्यांत सीलिअ‍ॅक इतरांपेक्षा अधिक आढळतो. थायरॉक्सिनचा डोस वाढवूनही टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) आटोक्यात येत नसेल, तर आतड्यातून गोळी नीट शोषली जात नसल्याची शंका घ्यावी. सीलिअ‍ॅक नसताना केवळ थायरॉइडसाठी गहू सोडल्याने लाभ होतो का, याबाबत एकमत नाही.

तपासणी : रक्तातील टीटीजी-आयजीए प्रतिपिंडे, आणि गरजेनुसार दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. या दोन जिल्ह्यांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात असल्याने रक्तक्षयाचे कारण तिथेच शोधून थांबण्याचा धोका राहतो. गहू आधीच बंद केला असेल, तर दोन्ही चाचण्या खोट्या नकारात्मक येऊ शकतात. म्हणून आधी तपासणी करावी आणि निदान झाल्यावरच पोळी सोडावी.