वकिलातीची खिडकी आणि घटनेतलं आठवं कलम

परदेशात चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, आपल्या कॉन्सुलेटची एक तरी कहाणी त्याच्याकडे असतेच. फोटोचं माप चुकलं, फॉर्मवर सही चौकटीबाहेर गेली, बाळाचा जन्मदाखला आणला पण लग्नाचा दाखला राहिला, गावच्या जमिनीचं मुखत्यारपत्र केलं पण साक्षीदार एकच नेला. रजा काढून तीन तासांचा प्रवास करायचा आणि खिडकीपलीकडून उत्तर मिळतं, ‘हे नाही चालणार.’ या खिडकीबद्दल तक्रारी पुष्कळ होतात, पण तिचा इतिहास सहसा कुणी सांगत नाही. आज आपण तोच पाहणार आहोत. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की हिंदुस्थानातून बाहेर गेलेल्या लाखो लोकांचं नागरिकत्व रणांगणावर किंवा संसदेत जितकं ठरलं, तितकंच ते या खिडकीशी ठरलं. कोण तिथे गेलं आणि कोण गेलं नाही, याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

आधी शब्दाचं बघू. एम्बसी आणि कॉन्सुलेट या दोन्हींना मराठी माणूस सरसकट वकिलात म्हणतो. पेशव्यांचे वकील दिल्लीला आणि हैदराबादला असत. हिंगणे घराण्याने दिल्लीत ते काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. पण त्यांचं काम दरबारचं. काशीयात्रेला निघालेल्या गृहस्थाला राहदारीचं दस्तक लागे, ते वाटेतल्या सत्तांकडून मिळे. माणूस नेमका कुठला ‘नागरिक’ हा प्रश्न त्यात नव्हता. तो प्रश्न पहिल्या महायुद्धाने आणला. १९२०च्या इंडियन पासपोर्ट ॲक्टने हिंदुस्थानात येणाऱ्यांकडे पासपोर्ट मागायला कायमची कायदेशीर जागा करून दिली.

तेव्हाच्या पासपोर्टच्या पुठ्ठ्यावर काय छापलेलं असे? ‘ब्रिटिश पासपोर्ट’ आणि ‘इंडियन एम्पायर’. आतली गंमत पुढे आहे. पुण्याचा माणूस ‘ब्रिटिश प्रजाजन’. पण कोल्हापूरचा, सांगलीचा, औंधचा माणूस संस्थानी, म्हणून तो ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’. एकाच जहाजावरचे दोन मराठी भाऊबंद, आणि कायद्याच्या नजरेत दोन जातींचे. औंधचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

आणि परदेशात काही अडलं तर? तर ब्रिटिश कॉन्सुलकडे जायचं. म्हणजे ज्याच्या विरुद्ध तुम्ही बोलताय, त्याच्याच दारात. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले. अमेरिका, इराण, रशिया असं करत १९२४ साली मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, आणि इतका मान मिळवला की दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. पण घरी जायचे कागद मागायला ते कुणाकडे जाणार होते? ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीत नाव. कॉन्सुलची खिडकी त्यांच्यासाठी मदतीची नव्हती, पकडले जाण्याची होती. ते कायमचे भारतात परतले १९५५ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षांनी.

मधली एक पायरी होती. १९२२च्या इमिग्रेशन कायद्यानंतर, खरं तर तो एमिग्रेशनचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्यांचा कायदा, सिलोन आणि मलायात हिंदुस्थान सरकारचे एजंट बसले. ते मुख्यतः मळ्यांतल्या मजुरांसाठी. दक्षिण आफ्रिकेत १९२७ला श्रीनिवास शास्त्री गेले. पुढे या पदाला हाय कमिशनर म्हणू लागले, आणि शेवटचे हाय कमिशनर होते विदर्भातले रामराव देशमुख. १९४६ साली तिथल्या सरकारने भारतीयांच्या जमिनीवर बंधनं आणणारा कायदा केला, तेव्हा निषेध म्हणून त्यांना परत बोलावण्यात आलं. मग कित्येक वर्षं भारतीय पासपोर्टवर ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ असा शेरा असे. तत्त्वाला धरून होतं ते, यात शंका नाही. पण ज्याची म्हातारी आई डर्बनला होती, त्याला तो शेरा कसा वाटला असेल, हेही इतिहासातच धरायला हवं.

आता मुख्य मुद्दा. भारतीय राज्यघटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली, हे शाळेतलं पोर सांगेल. पण नागरिकत्वाची कलमं दोन महिने आधी, २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली. त्यात आठवं कलम आहे, आणि ते बाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. सोप्या भाषेत असं: तुमचा, तुमच्या आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी कुणाचाही जन्म जुन्या, अखंड हिंदुस्थानात झाला असेल, तर तुम्ही जिथे राहता तिथल्या भारताच्या राजनैतिक किंवा वाणिज्य प्रतिनिधीकडे अर्ज करा. त्याने नोंद केली, की तुम्ही भारताचे नागरिक.

बघा हं, म्हणजे वकिलातीची खिडकी थेट घटनेत आहे. आणि दार केवढं उघडं ठेवलंय! फाळणीला जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती, तरी आजोबा कराचीत जन्मले असतील तरी चालेल म्हणतात. अट एकच, पण जड: नोंद आपोआप होत नाही. तुम्ही जायला हवं.

मग लोक गेले का? पूर्व आफ्रिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते. १९४८ साली नैरोबीला भारताचे कमिशनर म्हणून गेले आप्पा पंत. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. जुन्या कायद्याने ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ असलेल्या घरातला हा माणूस आता स्वतंत्र भारताच्या नावाने तिथे बसला होता. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, सगळं त्यांच्या कक्षेत. त्यांनी आफ्रिकी नेत्यांशी इतकी जवळीक केली, की ब्रिटिशांना ते खुपू लागले आणि १९५४ ला त्यांचा तिथला मुक्काम संपला.

नेहरूंचं धोरणही त्याच दिशेचं होतं. आफ्रिकेतल्या भारतीयांनी तिथल्या लोकांशी एकरूप व्हावं, त्यांच्या हक्कांच्या आड येऊन खास सवलती मागू नयेत. आमच्या मते हे धोरण बरोबरच होतं. पण दुकानदाराच्या जागी उभं राहून पाहा. समोर दोन-तीन खिडक्या. १९४८च्या ब्रिटिश कायद्याने वसाहतींतल्या लोकांना ‘युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचा नागरिक’ हा दर्जा दिला होता, आणि राज्य ब्रिटिशांचं. व्यापारधंद्याला तो कागद सोयीचा. भारत सांगतोय, तुमची भूमी आता हीच समजा. मग आठव्या कलमाची नोंद कशाला करायची? खूप जणांनी केली नाही. पुढे केनिया १९६३ च्या डिसेंबरात स्वतंत्र झाला आणि स्थानिक नागरिकत्वासाठी अर्ज करायला दोन वर्षांची मुदत दिली. तिथेही पुष्कळ जण थांबले. हातात ब्रिटिश पासपोर्ट आहे ना, मग बघू.

हे ‘बघू’ महागात पडलं. १९६८च्या फेब्रुवारीअखेर ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत कायदा करून स्वतःच्याच पासपोर्टधारकांना दार बंद केलं. ज्याचा स्वतःचा किंवा आईबापांचा, आजीआजोबांचा जन्म ब्रिटनमधला असा काही धागा नाही, त्याला मुक्त प्रवेश नाही. भारत म्हणाला, पासपोर्ट त्यांचा, जबाबदारी त्यांची. आणि १९७२ला इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवस दिले. एकाच घरात थोरल्याकडे ब्रिटिश कागद, धाकट्याकडे भारतीय, बहिणीकडे युगांडाचा आणि तोही अधिकाऱ्याने बाद ठरवलेला, अशी कुटुंबं होती. ती मग कागदांप्रमाणे फुटली: कुणी लंडनला, कुणी मुंबईला, कुणी निर्वासितांच्या छावणीत.

गोवेकरांची तऱ्हा याच्या उलट. नैरोबी, कंपालात ते मोठ्या संख्येने होते, आणि गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालचा नागरिक. १९६२च्या मार्चमध्ये भारत सरकारने हुकूम काढला: ज्याचा स्वतःचा, आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कुणाचा जन्म गोवा, दमण, दीवचा, तो २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय. नको असेल तर एका महिन्यात लेखी कळवा. म्हणजे आठव्या कलमात नागरिक होण्यासाठी खिडकीशी जायचं, आणि इथे न होण्यासाठी. मुदत फक्त एक महिना! आजही गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टवरून जे वाद ऐकू येतात, त्यांचं एक मूळ या दुहेरी नोंदींत आहे.

आता प्रश्न उरतो अधिकाराचा. खिडकीपलीकडचा माणूस नाही म्हणाला तर? १९६७ पर्यंत उत्तर असं, की पासपोर्ट ही सरकारची मर्जी. १० एप्रिल १९६७ला सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी, परदेशी जाण्याचा हक्क एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्यात धरला. सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले! सरकारने धावपळ करून जूनमध्ये पासपोर्ट कायदा केला. त्यात नकाराची कारणं ठरवून दिली, ती लेखी नोंदवायची, एरवी मागितली तर प्रत द्यायची, वर अपिलाची सोय. हा कायदा परदेशातल्या नागरिकांनाही लागू आहे. खानखोजे त्याच वर्षीच्या जानेवारीत नागपुरात वारले.

आपल्यापैकी जे बाहेर राहतात, त्यांच्यासाठी सध्याचं थोडं सांगतो आणि थांबतो. परदेशात जन्मलेल्या मुलाला पूर्वी फक्त वडिलांकडून नागरिकत्व मिळे, १९९२च्या दुरुस्तीने आईकडूनही मिळू लागलं. पण ३ डिसेंबर २००४ पासून जन्माची नोंद कॉन्सुलेटमध्ये वर्षाच्या आत करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. तेव्हा पहिल्या वाढदिवसाची वाट बघू नका. मुखत्यारपत्राचं म्हणाल, तर कॉन्सुलसमोर सही झाली म्हणजे काम संपलं असं नाही. तो कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे त्याच्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. बांद्र्याच्या फ्लॅटपासून कराडच्या शेतापर्यंत किती व्यवहार यापायी अडतात, ते वकील मंडळी जास्त चांगलं सांगतील. समोरच्या रांगेत दोघे-तिघे दिसताहेत. प्रश्न घेऊया.