कॅमेरा घडवणारी कंपनी : महाराष्ट्र फिल्म कंपनीची वाटचाल

रोलचा कॅमेरा परत यावा असं वाटणारे हौशी लोक आता मुंबई-पुण्यातच आहेत असं नाही. आमच्या नंदुरबार-शहाद्याकडेही जुन्या घरांच्या माळ्यावरून एखादा ॲग्फा क्लिक-थ्री खाली उतरतो. हा कॅमेरा शेजारच्या बडोद्यातच तयार व्हायचा. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत आणि घरातला पहिला फोटो बहुधा याच कॅमेऱ्यातला असे. तो हातात आला की बोलणं रंगतं. कुणा कारखानदाराने हाच साचा पुन्हा काढावा, लेन्स जरा बरी बसवावी, जुनं उत्पादन नव्याने सुरू करावं. कल्पना करायला काहीच हरकत नाही. मात्र बोलणं बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या डबीपाशीच थांबतं. रोल कोण बनवणार, तो धुणार कोण, छापणार कोण, बिघडलेली स्प्रिंग कोण बसवणार, हे प्रश्न निघतच नाहीत.

आपल्याकडे एका संस्थेला हे सगळे प्रश्न एकदमच सोडवावे लागले होते. त्या संस्थेचं, म्हणजे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं, नाव ‘सैरंध्री’ आणि ‘सावकारी पाश’ या चित्रपटांमुळे सर्वांना माहीत आहे. पण तिचा इतिहास कॅमेऱ्याच्या अंगाने वाचला तर वेगळाच दिसतो.

पडदे रंगवणारे भाऊ

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात कारागिराच्या घराण्यात झाला. चित्रकला आणि शिल्पकला ते स्वतःच शिकले. नात्याने भाऊ असलेल्या आनंदराव पेंटर यांच्यासोबत त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम हिंदुस्थानात या जोडीच्या पडद्यांना मोठी मागणी होती. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, असं सगळं सपाट कापडावर खोल दिसावं याचं गणित त्यांच्या हातात बसलं होतं.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघे भाऊ चित्रपटाच्या नादी लागले. फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले होते. त्याआधी सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनीही लंडनहूनच कॅमेरा मागवला होता. यंत्र विलायतेतून आणायचं आणि कथा आपली सांगायची, ही रीत पडून गेली होती. कोल्हापूरच्या भावांनी मात्र यंत्रच घरी करायचं ठरवलं.

सुरुवात प्रोजेक्टरपासून झाली. मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणून त्यांनी चित्रपट दाखवायला घेतले. धंदा म्हणून त्यातून फारसं हाती लागलं नाही, पण यंत्र मात्र उमगलं. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचा जीव एकाच ठिकाणी असतो. पट्टी एका चित्रापुरती पुढे सरकायला हवी, क्षणभर अगदी स्थिर थांबायला हवी, त्याच क्षणी झडप उघडून मिटायला हवी आणि मग पट्टी पुन्हा सरकायला हवी. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला सोळा वेळा घडे, तेही हाताने दांडा फिरवून. थांबण्याचा क्षण जरा चुकला की चित्र फराटतं. एकदा हे थांबणं-सरकणं समजलं की पुढचं काम लेथचं आणि कानशीचं उरतं.

ते काम सोपं नव्हतं. १९१६ साली आनंदराव गेले. कॅमेरा अर्धाच राहिला. बाबूरावांनी तो पुढे नेला, आणि त्यांच्या हाताखाली होते पेणचे विष्णुपंत गोविंद दामले. १९१८ साली विल्यमसनच्या धर्तीवरचा, कोल्हापुरात घडलेला कॅमेरा चालू झाला.

पट्टीचा प्रवास

इथून पुढची गोष्ट सहसा थोडक्यात उरकली जाते, आणि खरं काम तर इथेच सुरू झालं. चित्रपटाच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात. हजार फुटांचं रीळ मूकपटाच्या वेगाने साधारण सतरा मिनिटं चालतं. त्या काळात कच्ची फिल्म बऱ्याचदा भोकं न पाडता येई. प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार भोकं, तीही अंधारात आणि नेमक्या अंतरावर पाडावी लागत. अंतर केसभर हललं तरी पडद्यावर राजवाडा थरथरे. चित्रण झालं की पट्टी लाकडी चौकटीवर गुंडाळून रसायनाच्या हौदात बुडवायची, धुवायची आणि मोठ्या ढोलावर सुकवायची. मग मूळ पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर छाप काढायची, म्हणजे आणखी एक यंत्र. मग जोडणी, मग पुन्हा छपाई.

रसायनाचा आणि रंगाचाही मेळ घालावा लागे. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल शालू काळा येई, निळं आभाळ पांढरंफटक पडे. त्याचा फायदा असा की लाल दिव्याच्या उजेडात फिल्म डोळ्यांनी पाहत धुता येई. तोटा असा की रंगभूमीचे कपडे आणि रंगरंगोटी जशीच्या तशी चालत नसे. कुठला रंग किती करडा उतरेल हे आधीच ओळखणारा डोळा हवा होता, आणि तो पडदे रंगवणाऱ्याकडे होता. बाबूरावांनी पुढे रंगवलेल्या पडद्यांऐवजी उभारलेली ठोस नेपथ्यं वापरली आणि दृश्यांची रेखाटनं आधी काढून मग चित्रण केलं, त्यामागे हाच डोळा होता.

महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७-१८ च्या सुमारास उभी राहिली. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिलं. राजर्षी शाहू महाराजांनी जागा आणि वीजनिर्मितीचं यंत्र दिलं. पैसा, जागा, वीज, सुतारकाम, लेथ, रंगशाळा आणि अंधारखोली एका आवारात आली. कंपनी म्हणजे प्रत्यक्षात कॅमेऱ्याभोवती वाढलेलं एक कारखानावजा गुरुकुल होतं.

माणसं

या गुरुकुलात कामांची वाटणी पक्की नव्हती. कागलचे साहेबमामा फत्तेलाल चित्रकार होते, ते कॅमेऱ्यामागेही उभे राहिले. दामले कॅमेरा घडवता घडवता चित्रण आणि प्रयोगशाळा शिकले. १९२० साली आलेले शांताराम वणकुद्रे, म्हणजे व्ही. शांताराम, यांनी त्याआधी हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केलं होतं. कंपनीत त्यांनी पडेल ते काम केलं आणि नंतर पडद्यावरही आले. बाबूराव पेंढारकर आणि केशवराव धायबर हेही इथलेच. पडद्यावर यायला स्त्रिया तयार होत नसत. अशा वेळी गुलाबबाई आणि अनसूयाबाई पुढे आल्या, त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर दिसल्या.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. कीचकवधाची कथा होती. याच विषयावरचं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं नाटक इंग्रज सरकारने दहा वर्षांपूर्वी बंद पाडलं होतं, त्यामुळे प्रेक्षकांना अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. कौतुक दिग्दर्शकाचं झालं आणि ते योग्यच होतं. पण पडद्यावर कीचक स्थिर दिसत होता, फराटत नव्हता, याचं श्रेय कोल्हापूरच्या लेथला आणि अंधारखोलीला होतं.

पुढच्या पाच वर्षांत कंपनीने जे केलं त्यात यंत्राची उमेद दिसते. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीची कथा घेतली. गडावर रात्री चढायचं दृश्य उन्हात घेऊन कसं चालेल? म्हणून कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात चित्रण केलं. १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ आला. देवदेवतांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रपटांच्या काळात कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणणं धाडसाचं होतं. तो तरुण शेतकरी शांतारामांनी केला. बाबूराव चित्रपटाची पोस्टरं स्वतः रंगवत आणि प्रेक्षकांसाठी छायाचित्रांसह माहितीपुस्तिकाही काढत. पट्टीपासून भिंतीवरच्या कागदापर्यंत सगळं एका छपराखाली होत होतं.

साखळी तुटते

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांकडचे शिकलेले हात एकदम गेले. पाठोपाठ १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ने बोलपटाचं युग सुरू केलं. आवाज आला तशी सेकंदाला चोवीस चित्रं ही गती पक्की झाली. हाताने फिरवायचा दांडा आता निरुपयोगी होता. एकसारख्या वेगाने चालणारी मोटर हवी, कॅमेऱ्याची खडखड माइकला ऐकू जाता कामा नये, आणि आवाज नोंदवायचं वेगळंच यंत्र हवं. एका कॅमेऱ्याने उभी राहिलेली कंपनी या उंबरठ्यावर थांबली.

पण घडलेली माणसं थांबली नाहीत. कॅमेरा घडवायला शिकलेले दामले प्रभातमध्ये ध्वनिमुद्रण शिकले. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. १९३६ चा दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच स्थापन झालं. कोल्हापूरच्या कॅमेऱ्याने टिपलेली बहुतेक रिळं मात्र नष्ट झाली. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, कंपनीची तेवढी खूण शहराने जपली. स्वतः बाबूराव १९५४ साली गेले.

आजचे हौशी

या वाटचालीकडे पाहून आज कॅमेरा परत आणायची कल्पना करणाऱ्यांनी काय घ्यावं? जगात अलीकडे असे प्रयत्न झाले आहेत, आणि ते ज्या ठिकाणी अडले ते ठिकाण सारखंच आहे.

कोडॅकने २००९ साली कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बंद केली. ती धुण्याची रीत इतकी किचकट की शेवटी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची एकच प्रयोगशाळा उरली. तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं. योगायोग असा की त्याच वर्षी २९ सप्टेंबरला आमच्या जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. दुर्गम पाड्यातल्या माणसाचा फोटो आता रोलविना निघत होता आणि तिकडे चांगले कॅमेरे, फ्रीजमध्ये जपलेले रोल असूनही कोडाक्रोम धुणारं कुणी उरलं नव्हतं. कॅमेरा धडधाकट, पण चित्र नाही.

पोलरॉइडची गोष्ट याच्या उलट घडली. २००८ साली कंपनीने झटपट फोटोची फिल्म बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा फ्लोरियन काप्स आणि त्या कारखान्यात काम केलेले आंद्रे बॉसमन यांनी ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ काढून नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथल्या शेवटच्या कारखान्यातली यंत्रं विकत घेतली. नवा कॅमेरा त्यांना करायचाच नव्हता, जुने कॅमेरे जगभर पडून होते. अडचण रसायनांची होती, पुरवठादार बंद पडले होते. जुन्या कामगारांना हाताशी धरून त्यांनी फिल्म नव्याने शोधून काढली आणि २०१० साली बाजारात आणली. सुरुवातीच्या फोटोंचे रंग फिके होते आणि ते उजेडापासून झाकून धरावे लागत. तरी लोकांनी घेतले. २०१७ साली पोलरॉइड हे नावच या प्रकल्पाच्या छत्राखाली आलं. कोडॅकनेही २०१८ साली एक्टाक्रोम परत आणली, आणि पेंटॅक्सने २०२४ साली रोलचा नवा कॅमेरा काढला. पेंटॅक्सला ते करता आलं, कारण दुकानात रोल मिळत होते.

आपल्याकडे ही साखळी उभारायचा सरकारी प्रयत्नही झाला. १९६० साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सने ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म काढली. तो कारखाना बंद पडला आणि देशी फिल्म संपली. कोल्हापूरची कंपनीसुद्धा कच्च्या फिल्मसाठी कायम परदेशावरच विसंबून राहिली होती. बाबूरावांनी कॅमेरा, भोकं, छपाई, धुलाई सगळं जिंकलं, ही एक कडी मात्र राहिली.

म्हणून नंदुरबार असो की नाशिक, क्लिक-थ्री परत यावा असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी कॅमेऱ्याच्या नव्या साच्याची चिंता सोडावी. जुने कॅमेरे अजून पुरेसे आहेत. कृष्णधवल रोल घरी धुता येतो. त्याला एक अंधारी खोली, एक टाकी, दोन-तीन रसायनं आणि घड्याळ पुरतं. तालुक्याच्या ठिकाणी अशी एक खोली चालू झाली, शटर उघडून बसवणारा एक घड्याळजी तयार झाला, चार मुलांना रोल भरायला-धुवायला आला, की कॅमेरा परत आलाच. कोल्हापूरला कॅमेरा १९१८ मध्ये चालू झाला खरा, पण तो टिकला तो दामल्यांच्या आणि फत्तेलालांच्या हातात. यंत्राचं पुनरुज्जीवन करायचं असेल तर आधी हात तयार करावे लागतात, आणि ते काम आजच, एका रोलपासून सुरू करता येतं.