चमच्या चोंचीचा प्रवासी

राष्ट्रांचे इतिहास लिहिले जातात, राजघराण्यांचेहि लिहिले जातात. परंतु एखाद्या पांखराचा इतिहास लिहावा ही कल्पना पुष्कळांस हास्यास्पद वाटेल. तथापि अशा क्षुद्र जीवाच्या दैवाचे फेरे बारकाईनें पाहिले, तर त्यांत मनुष्याच्याच कर्तबगारीचें व अविचाराचें चित्र उमटलेलें दिसतें, असें आम्हांस वाटतें. अशाच एका पांखराची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें पांखरूं जेमतेम चिमणीएवढें. वजन सुमारें ३० ग्रॅम. आपल्या खाडीकांठीं हिंवाळ्यांत जे टिलवे चिखल टोंचीत धांवतांना दिसतात, त्यांच्याच गोत्रांतलें. विशेष एवढाच कीं, याच्या चोंचीचें टोंक चमच्यासारखें चपटें व रुंद असतें, आणि अंड्यांतून बाहेर येणारें पिलूंहि हा चमचा घेऊनच जन्मास येतें. या चोंचीस भुलूनच स्वीडनचा थोर पंडित लिनियस यानें १७५८ सालीं त्याची गणना बगळ्याएवढ्या मोठ्या ‘चमचा’ पक्ष्यांच्या वंशांत केली, आणि त्याचा मायदेश म्हणून दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामचें नांव घातलें! ज्याचें सारें आयुष्य आशियाच्या किनाऱ्यांवर जातें, त्याची शास्त्रांतील पहिली नोंद अशी परक्या खंडांत झाली.

त्याचें खरें माहेर सैबेरियाच्या ईशान्य टोंकास, चुकोत्का प्रांतांत आहे. जूनच्या सुमारास बर्फ वितळलें म्हणजे समुद्राजवळच्या उघड्या माळावर जमिनींतील खळग्यांत मादी बहुधा चार अंडीं घालते. नर व मादी तीं आळीपाळीनें उबवितात. पिलें बाहेर पडतांच आपलें अन्न आपण टिपूं लागतात. मादी लवकरच दक्षिणेची वाट धरते. पिलांची राखण करण्याचें काम नराकडे राहतें. पुढें सुमारें ८,००० किलोमीटरांचा प्रवास करून हीं पांखरें म्यानमार, थायलंड, बांगलादेश अशा देशांच्या किनाऱ्यांवर हिंवाळा काढतात; भारताच्या पूर्व किनाऱ्यावरहि क्वचित् उतरतात.

एवढा पल्ला एका दमांत कसा साधावा? वाटेंत कोरिया आणि चीन यांच्यामध्यें पीतसमुद्र आहे. ओहोटीच्या वेळीं उघडा पडणारा तेथील अफाट चिखल हीच या यात्रेकरूंची धर्मशाळा. परंतु मनुष्यास तो चिखल ओसाड जमीन दिसला. दक्षिण कोरियानें सेमांगम येथें ३३ किलोमीटर लांबीचा बांध घालून २००६ सालीं समुद्राची वाट अडविली, आणि सुमारें ४०० चौरस किलोमीटरांचा टापू भरतीओहोटीस पारखा झाला. समुद्र हटवून वसविलेल्या मुंबईचा अभिमान बाळगणाऱ्या आपणांस त्या देशास नांवें ठेवण्याचा अधिकार फारसा नाहीं. पण परिणाम सांगणें भाग आहे. १९७० नंतरच्या दशकांत या पांखरांच्या २,००० हून अधिक जोड्या असाव्यात असा अंदाज होता. २००९ च्या सुमारास तो १२० ते २०० वर आला.

दुसरा घाव म्यानमारमधील मार्ताबानच्या आखाताकांठीं बसत होता. तेथील गरीब लोक पोटासाठीं किनाऱ्यावरचे पक्षी जाळ्यांत धरीत. त्यांचा डोळा मोठ्या पक्ष्यांवर असे. पण जाळें लहानमोठें ओळखीत नाहीं. पक्षिमित्रांनीं त्यांस केवळ उपदेश न करितां उपजीविकेचीं दुसरीं साधनें मिळवून दिलीं, आणि पुष्कळांनीं ही शिकार सोडली. २०११ सालीं कांहीं पिलें इंग्लंडांतील स्लिमब्रिज येथें नेऊन तेथें राखीव कुटुंब जोपासण्याचा यत्न झाला. २०१२ पासून चुकोत्कांत अंडीं सुरक्षित उबवून पिलें मोकळीं सोडण्याचा उपक्रमहि सुरू झाला. २०१९ सालीं चीनच्या पीतसमुद्रकांठच्या कांहीं भागास जागतिक वारशाचा मान मिळाला.

या इतिहासांतून आम्ही एवढेंच घेतों कीं, दारिद्र्यानें केलेला घात थोड्या सहानुभूतीनें थांबवितां आला. संपत्तीनें व विद्येनें मिळून केलेला घात मात्र निस्तरणें कठीण जातें. जाळें गुंडाळतां येतें. ३३ किलोमीटरांचा बांध सहसा कोणी मोडीत नाहीं. म्हणून विचार करावयाचा तो पहिला दगड पडण्यापूर्वींच केला पाहिजे.