जंजिऱ्याचे गोडे पाणी

उन्हाळ्यात विहिरीचा तळ बघत वाढलेल्या माझ्यासारख्या वर्धेकराला मुरूडच्या जंजिऱ्यात ‘कलाल बांगडी’ तोफेपेक्षा पाण्याचे अप्रूप अधिक वाटले. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि तटाच्या आत गोड्या पाण्याचे तलाव! राजपुरीहून शिडाच्या होडीने आलेले पर्यटक तोफेपाशी फोटो काढतात, गाइड ‘अजिंक्य’ म्हणतो आणि होडी परत फिरते. अजिंक्य, पण कशामुळे?

हे बेट मुळात कोळ्यांचे. चाच्यांपासून बचावासाठी त्यांनी येथे लाकडी मेढेकोट उभारला होता. निजामशाहीने तो घेतला, पुढे दगडी तट उठला आणि बेट आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींच्या हाती गेले. 1670 च्या सुमारास इथला प्रमुख फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करण्याच्या विचारात होता. त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला कैद करून औरंगजेबाचा आश्रय घेतला. तेव्हापासून किल्ल्यामागे मोगलांची गलबते आणि सुरतेचा पैसा उभा राहिला. आत पाणी होते. बाहेरून रसद येऊ लागली. नुसत्या वेढ्याने असा किल्ला पडणे कठीणच.

महाराजांनी हे नेमके ओळखले होते. जवळच्याच कासा बेटावर त्यांनी पद्मदुर्ग बांधायला घेतला. या कामासाठी पैसा आणि धान्य वेळेवर न पोहोचवल्याबद्दल प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना त्यांनी लिहिलेले कडक पत्र उपलब्ध आहे. जंजिऱ्याची लढाई तोफांइतकीच कोठारांचीही होती, हे त्या पत्रातून कळते. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव घालण्याचा प्रयत्न केला. पण मोगल फौज कोकणात उतरली आणि त्यांना माघारी वळावे लागले. सिद्दींचे संस्थान पुढे 1948 पर्यंत टिकले.

‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून, म्हणजे बेटावरून आला. मराठी कागदपत्रांत तो इतर जलदुर्गांनाही लागतो. सिंधुदुर्गही ‘जंजिरे सिंधुदुर्ग’ होतो. ज्यांच्याशी पिढ्यानपिढ्या झुंजलो, त्यांच्या किल्ल्याचे नाव आणि आपल्या किल्ल्यांचे बिरूद असे एकच आहे.

तटावर उभे राहिले की समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. तिकडे फारशा होड्या जात नाहीत. जंजिरा का टिकला हे समजून घ्यायचे, तर वेळेवर न पोहोचलेल्या धान्याचा तो किल्लाही पाहायला हवा.