पात, कांदा आणि पनवेलची वाट

पातीचा कांदा आणि सुका कांदा ही एकाच झाडाची दोन वये. बाजारात मात्र दोघांचे नशीब अगदी निराळे. नाशिकचा सुका कांदा पनवेलजवळून न्हावा शेवा बंदरात उतरतो आणि तेथून दुबई, कोलंबो, मलेशिया गाठतो. पातीची जुडी मात्र मुंबईच्या भाजीबाजारापलीकडे क्वचितच जाते. असे का?

पनवेल ही फार जुनी उतारपेठ. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा घाटावरचा माल बैलगाड्यांतून पनवेलला येई आणि खाडीतून होड्यांनी मुंबईला जाई. पुढे १८६३ मध्ये रेल्वेने बोरघाट ओलांडला, पण ती कर्जत-कल्याणवरून गेली आणि पनवेल बाजूला पडले. सव्वाशे वर्षांनी, २६ मे १९८९ रोजी, शेजारच्या उरण तालुक्यात भातशेती आणि मिठागरांच्या मुलखात जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बैलगाडीच्या जागी कंटेनर आला.

पण कंटेनर आला म्हणून प्रत्येक भाजी परदेशी जाऊ शकत नाही. पात हे जिवंत, कामात असलेले पान आहे. तोडल्यावरही त्याचे श्वसन चालू राहते आणि पर्णरंध्रांतून पाणी उडत राहते. कांदा म्हणजे पानांचेच फुगलेले तळ. त्यांत अन्न साठवून झाड सुप्तावस्थेत जाते. माना पडल्यावर शेतकरी कांदा काढून पातीसकट सुकवतो. त्यामुळे मान आवळून बंद होते, बाहेरची साल कागदासारखी वाळते आणि आतले पाणी आतच राहते. पेण-वडखळच्या रस्त्यावर टांगलेल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा पाहा. तिथे वाळलेल्या पातीची वेणीच दोरीचे काम करते.

वर्गात एक जुडी आणि एक सुका कांदा शेजारी ठेवून आठवडाभर रोज वजन करावे. आलेखातून फरक मुलांना स्वतःच दिसेल.

गंमत अशी की दोघांच्या गरजाही उलट्या आहेत. पातीला शून्याजवळचे तापमान आणि सुमारे ९५ टक्के आर्द्रता लागते. सुक्या कांद्याला ६५ ते ७० टक्केच पुरे; जास्त झाली तर मुळे फुटतात, बुरशी धरते. एका कंटेनरात दोघांचा संसार होणे कठीण!

पातीचा परदेशी व्यापार होतो, पण तो शेजाऱ्यांत. मेक्सिकोची पात शीतवाहनांतून अमेरिकेत जाते. २००३ मध्ये अशाच पातीतून पेनसिल्व्हेनियात 'अ' प्रकारच्या काविळीची साथ पसरली. ५००हून अधिक लोक आजारी पडले, तिघे दगावले. पात कच्ची खाल्ली जाते आणि तिच्या बेचक्यात शिरलेला विषाणू धुऊन निघत नाही.

सुका कांदा टिकाऊ, तरी त्यालाही मुदत असते. उन्हाळी कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो, खरिपाचा लाल कांदा जेमतेम काही आठवडे. सप्टेंबरपर्यंत चाळीतल्या कांद्याची झोप संपत आलेली असते. कोंब येऊ लागतात. गॅमा किरणांनी कोंब रोखता येतात. त्यासाठी २००२च्या सुमारास लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प उभा राहिला. पण ही मात्रा काढणीनंतर लवकरच द्यावी लागते. कोंब हलू लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

नेमक्या याच दिवसांत, १४ सप्टेंबर २०२० रोजी, सरकारने कांद्याची निर्यात थांबवली. शहरांतले भाव आवरणे हा हेतू होता आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु न्हावा शेवाच्या वाटेवर कांदा अडकून पडला. पावसाळ्यातली दमट किनारपट्टी, म्हणजे कांद्याला सर्वांत नकोशी हवा. आदेश एका संध्याकाळी निघतो; सडणेही त्याच रात्री सुरू होते आणि बंदी उठली तरी ते उलटत नाही. ती बंदी १ जानेवारी २०२१ला उठली. ८ डिसेंबर २०२३ला पुन्हा आली, ती ४ मे २०२४पर्यंत राहिली. या दुसऱ्या वेळी खरिपाचा लाल कांदा बाजारात येत होता, ज्याला थांबणे मुळीच परवडत नाही. चाळ नसलेल्या छोट्या शेतकऱ्याला तर तो मिळेल त्या भावाने विकावाच लागतो.

२५ डिसेंबर २०२५ पासून पनवेल तालुक्यातल्या नव्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. विमानाने पातही काही तासांत आखातात पोहोचू शकते. मात्र पातीच्या वजनात सुमारे नऊ दशांश पाणीच असते, आणि विमानाचे भाडे त्या पाण्यालाही द्यावे लागते.