सेल नसलेलं बटण
शिकागोच्या झेनिथ कंपनीने १९५६ साली टीव्हीसाठी ‘स्पेस कमांड’ हा रिमोट आणला. त्यात सेल नव्हते. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनिअमच्या दांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा तो नाद टीव्ही ओळखे. रॉबर्ट ॲडलर यांची ही करामत!

घरातले दिवे वेगळ्या वाटेने गेले. १९७५ साली स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने ‘एक्स-१०’ पद्धत काढली. तिचे संदेश घरातल्या विजेच्या तारांतूनच धावत, त्यामुळे नव्या वायरिंगसाठी भिंत फोडायला नको. मात्र इतर यंत्रांच्या विद्युत गोंगाटात ते कधी कधी हरवत.

खरी गंमत पुढे आहे. २००१ साली सीमेन्समधून बाहेर पडून स्थापन झालेल्या ‘एनओशन’ या जर्मन कंपनीने बोटाच्या दाबातूनच वीज मिळवणारे स्विच बाजारात आणले. आत चुंबक आणि तारेची गुंडाळी. दाबताच मिळणाऱ्या इवल्याशा विजेवर रेडिओसंदेश सुटतो.

२०१४च्या फिलिप्स ‘ह्यू टॅप’ या दिव्यांच्या स्विचमध्येही सेल नव्हते. चार बटणं, आणि एका दाबात खोलीतल्या सगळ्या दिव्यांचा आधीच ठरवलेला रंग आणि उजेड. फक्त स्विच आणि दिव्यांच्या मध्ये ‘ब्रिज’ नावाची पेटी हवी असे, आणि तिला मात्र प्लगची वीज लागे.