तळघराचे निवासयोग्य रूपांतर

घराच्या पायाच्या भिंतींनी वेढलेल्या, जमिनीच्या पातळीखालील अपूर्ण जागेत आतल्या भिंती, फरशी, छत, वीज, उष्णता व वायुवीजन यांची सोय करून ती राहण्यायोग्य करणे, याला तळघराचे निवासयोग्य रूपांतर म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत हे काम विशेष प्रचलित आहे. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत त्यासाठी ‘बेसमेंट फिनिश करणे’ हा मिश्र शब्दप्रयोग वापरला जातो. या कामात सुतारकाम आणि रंगकाम नजरेत भरत असले, तरी त्याचे यशापयश प्रामुख्याने पाण्यावर ठरते. ओल थांबवण्यापूर्वी भिंती झाकल्या, तर ओल नाहीशी होत नाही. ती केवळ दिसेनाशी होते.

पार्श्वभूमी

थंड प्रदेशात हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठून फुगते आणि उथळ पाया वर उचलला जातो. त्यामुळे पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो. मिनेसोटा राज्याच्या नियमांत ही किमान खोली दक्षिण भागात ४२ इंच, तर उत्तर भागात ६० इंच आहे. एवढे खोदल्यावर आणखी काही फूट खोदून पूर्ण उंचीची जागा मिळवणे तुलनेने स्वस्त पडते. तळघरांच्या प्रसाराचे हे साधे कारण होय. फ्लोरिडासारख्या उबदार आणि भूजलाची पातळी वर असलेल्या राज्यात ती क्वचितच आढळतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तळघर म्हणजे कोळशाची कोठी आणि घर तापवणारी भली मोठी भट्टी यांची जागा होती. तेल आणि नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या आटोपशीर भट्ट्या आल्यावर ही जागा मोकळी झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपनगरांत तिला पाइनच्या फळ्या ठोकून खेळाच्या वा बैठकीच्या खोलीचे रूप देण्याची प्रथा पडली. मात्र या भिंती माणसांनी आत राहावे म्हणून बांधलेल्या नव्हत्या. त्या दगडाच्या, विटांच्या वा पोकळ काँक्रीट ठोकळ्यांच्या असत. नंतरच्या काळात त्यांना बाहेरून डांबराचा पातळ लेप देऊ लागले. पण हा लेप मातीतील ओल अडवण्यापुरता असतो, साचलेल्या पाण्याचा दाब तो थोपवू शकत नाही.

ओलीचे मार्ग

तळघरात ओल चार मार्गांनी येते आणि प्रत्येक मार्गावरचा उपाय निराळा आहे. पहिला मार्ग वाहत्या पाण्याचा. पाऊस किंवा वितळलेला बर्फ मातीत मुरून भिंतीशी साचतो आणि भेगांतून, नळ आत शिरतात त्या छिद्रांतून, तसेच भिंत व फरशी यांच्या सांध्यातून आत येतो. एक मीटर उंचीच्या साचलेल्या पाण्याचा तळाशी दाब दर चौरस मीटरला सुमारे एक हजार किलो वजनाइतका असतो. आतून लावलेला ‘जलरोधक’ रंग या दाबापुढे फोडासारखा सुटून येतो, यात नवल नाही.

दुसरा मार्ग केशाकर्षणाचा आहे. काँक्रीट व विटा यांतील सूक्ष्म रंध्रांतून पाणी वर चढते. वात जशी तेल ओढते तसे. भिंतीवर पांढरा लोणा फुटतो तो यामुळेच. पाणी उडून जाते, त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर राहतात. तिसरा मार्ग बाष्पाचा. भिंत हाताला कोरडी लागली, तरी ओल्या मातीकडून आत बाष्प सतत झिरपत असते.

चौथा मार्ग हवेचा आहे आणि सर्वाधिक गैरसमज याविषयीच आढळतो. कुबट वास आला की खिडक्या उघडाव्यात, ही सवय उष्ण देशांतून आलेल्यांना स्वाभाविक वाटते. परंतु उन्हाळ्यात तिचा परिणाम उलटा होतो. बाहेरची हवा २७ अंश सेल्सियस आणि तिची सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २१ अंश येतो. तळघराची भिंत मातीच्या सहवासाने १८ अंशांवर असेल, तर आत आलेल्या हवेतील पाणी थंड तांब्यावर जमावे तसे भिंतीवर जमते. अशा दिवसांत खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर चालवणे हाच उपाय आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांत ठेवण्याची शिफारस केली आहे.

निदान

ओल बाहेरून येते की आतल्या हवेतून, हे ओळखण्याची जुनी व सोपी रीत म्हणजे सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर वा फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवणे. तुकड्याच्या खोलीकडील बाजूवर थेंब जमले, तर दोष हवेतील आर्द्रतेचा; प्लास्टिकच्या मागे जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. ही परीक्षा कोरड्या महिन्यात करून निर्धास्त होणे चुकीचे ठरते. निदान एक पूर्ण पावसाळी वसंत ऋतू आणि बर्फ वितळण्याचा काळ तळघर उघडे ठेवून पाहावे, हा अनुभवी बांधकाम करणाऱ्यांचा सल्ला घाईच्या मालकांना रुचत नाही. तथापि तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

भिंतीवरील आडवी भेग, आत आलेला फुगवटा किंवा पायऱ्यांसारखी सरकलेली ठोकळ्यांची सांधेरेषा दिसल्यास तो मातीच्या दाबाचा परिणाम असू शकतो. तेथे प्रथम संरचना अभियंत्याचे मत घ्यावे लागते.

पाण्याचा बंदोबस्त

उपायांचा क्रम छपरापासून खाली आणि बाहेरून आत असा असतो. शंभर चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच हजार लिटर पाणी जमते. छपराच्या पन्हळी तुंबलेल्या असतील किंवा खाली येणारा नळ भिंतीच्या पायाशीच रिता होत असेल, तर हे सारे पाणी तळघराच्या भिंतीला मिळते. नळ लांबवून पाणी काही फूट दूर सोडणे आणि घराभोवतीच्या जमिनीला पहिल्या दहा फुटांत किमान सहा इंच बाहेरचा उतार देणे, एवढ्यानेच अनेक तळघरे कोरडी होतात. मोठ्या खर्चाच्या कामांआधी हे करून न पाहणे ही सर्वसामान्य चूक आहे.

एवढ्याने न भागल्यास पायाच्या पातळीवर खडी आणि सच्छिद्र नळ घालून निचरा केला जातो. खडीच्या अशा चरास ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. या नावाचा फ्रान्स देशाशी संबंध नाही. अमेरिकन न्यायाधीश व शेतीचे अभ्यासक हेन्री फ्रेंच यांनी १८५९ साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर लिहिलेल्या ग्रंथामुळे ते रूढ झाले. वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकातील पुतळ्याचे शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच हे त्यांचे पुत्र. बाहेरून भिंत खोदून जलरोधक पटल लावणे अधिक खात्रीचे, पण महाग असते. म्हणून पुष्कळदा फरशीच्या कडेने आतूनच चर खोदून पाणी एका खड्ड्यात आणतात आणि पंपाने बाहेर फेकतात. आतील चर पाण्याला भिंतीबाहेर रोखत नाही. आलेल्या पाण्याला वाट देतो. वादळात वीज जाते, आणि पंपाची गरज नेमकी तेव्हाच असते; म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप ही चैन समजू नये.

शिकागोसारख्या शहरांत पावसाचे पाणी आणि मैला एकाच वाहिनीतून जातात. मुसळधार पावसात ही वाहिनी भरून पाणी उलटे तळघरात येऊ शकते. त्यासाठी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवावी लागते. तळघरातील शौचालय सार्वजनिक वाहिनीच्या पातळीखाली असेल, तर मैला वर चढवणारा वेगळा पंप लागतो.

भिंती व जमीन

अनेक दशके वापरात असलेली पद्धत अशी होती : काँक्रीटला लागून लाकडी चौकट उभारायची, तीत फायबरग्लासचा थर भरायचा, त्यावर पॉलिथीनचे पटल ताणायचे आणि वरून जिप्समच्या फळ्या ठोकायच्या. या रचनेत मातीकडून आलेले बाष्प पटलामागे अडकते. लाकूड आणि फळीवरचा कागद ही बुरशीची आवडती खाद्ये आहेत. खोली वरवर नीटनेटकी दिसते. भिंतीच्या पोटात मात्र काळी बुरशी वाढत राहते आणि घरातील मुलाचा दमा बळावला, तरी कारण लवकर ध्यानात येत नाही.

आता काँक्रीटवर थेट कठीण फोमचे तक्ते चिकटवून त्यांचे सांधे बंद करण्याची पद्धत मान्य झाली आहे. त्यामुळे खोलीतील दमट हवा थंड काँक्रीटपर्यंत पोहोचतच नाही. लाकडी चौकट फोमच्या आतल्या बाजूस येते, तिची तळाची पट्टी प्रक्रिया केलेल्या लाकडाची असते आणि जिप्समची फळी फरशीपासून सुमारे अर्धा इंच वर ठेवतात. फोम ज्वलनशील असल्याने तो जिप्समने झाकणे नियमाने आवश्यक आहे.

जमिनीसाठी सिरॅमिक फरशी सर्वांत निर्धोक असते. थेट काँक्रीटवर गालिचा अंथरणे टाळावे. जुन्या घरांत नऊ इंची चौकोनी फरशीचे तुकडे किंवा नळांभोवतीचे पांढरे वेष्टन आढळल्यास त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तपासणीपूर्वी ते खरवडू नये. एकदा पाणी शिरलेच, तर २४ ते ४८ तासांत सर्व काही वाळवणे महत्त्वाचे, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते.

रेडॉन

रेडॉन हा जमिनीतील युरेनियमच्या विघटनातून निर्माण होणारा, रंग-वास नसलेला किरणोत्सारी वायू तळघरात साठतो. १९८४ साली पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्राच्या बांधकामावरील एका अभियंत्यामुळे किरणोत्सार मोजणारी यंत्रे वाजू लागली. शोध घेता किरणोत्सार केंद्रातून नव्हे, तर त्याच्या घरातून आलेला निघाला. त्यानंतर या प्रश्नाकडे देशभर लक्ष गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार रेडॉनमुळे त्या देशात दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने सुमारे २१ हजार मृत्यू होतात. तेथे उपाययोजनेची पातळी दर लिटरला ४ पिकोक्युरी, तर कॅनडात दर घनमीटरला २०० बेकरेल ठरवलेली आहे. फरशीखालून नळ घालून पंख्याने हा वायू छपरावर सोडता येतो. हे काम भिंती पूर्ण होण्याआधी सोपे असते, नंतर तोडफोड करावी लागते.

सुटकेचा मार्ग

तळघरात झोपण्याची खोली करायची असेल, तर बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार असणे बंधनकारक आहे. बहुतेक अमेरिकन राज्ये ज्या आदर्श निवासी नियमावलीचा आधार घेतात, तिच्यानुसार अशा खिडकीचा मोकळा भाग सामान्यतः ५.७ चौरस फूट, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच आणि उंबऱ्याची उंची फरशीपासून ४४ इंचांपेक्षा कमी किंवा तितकीच असावी लागते. दोन्ही किमान मापे घेतली तर क्षेत्रफळ जेमतेम ३.३ चौरस फूट भरते. अर्थात २० इंच रुंदीची खिडकी ४१ इंचांहून थोडी अधिक उंच हवी. ही गफलत वारंवार होते. खिडकीबाहेरच्या खड्ड्यालाही निचरा हवा, नाहीतर सुटकेची वाटच पाण्याची वाट होते. भट्टी व पाणी तापवण्याचे यंत्र त्याच मजल्यावर असल्याने त्यांना पुरेशी हवा मिळणे आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असणे हेही आवश्यक आहे.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस नोंदला गेला. त्या शहरात १३ जण दगावले. त्यांपैकी ११ जण तळघरांतील घरांत होते. बहुतेक घटना स्थलांतरितांची वस्ती असलेल्या क्वीन्स भागातील होत्या. अनधिकृत तळघर-निवास बंद करावेत, तर हजारो कुटुंबे बेघर होतील. चालू ठेवावेत, तर पुढच्या पावसाची टांगती तलवार. हा पेच त्या शहराला अजून पूर्णपणे सोडवता आलेला नाही.

परवाना व विमा

रूपांतरासाठी स्थानिक बांधकाम विभागाचा परवाना लागतो. मालमत्ता कर वाढेल या भीतीने तो टाळला जातो. पण घर विकताना बिनपरवाना खोली मोजमापात धरली जात नाही आणि आग लागल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. अमेरिकेतील सर्वसाधारण गृहविम्यात पुराचे पाणी समाविष्ट नसते. केंद्र सरकारच्या पूरविमा योजनेतही भट्टी व विजेची मुख्य पेटी यांसारख्या आवश्यक बाबींना संरक्षण मिळते. तळघरातील फरशी, भिंतींची सजावट व फर्निचर यांना ते मिळत नाही.

महाराष्ट्रातील तळघर

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत तळघर थंडाव्यासाठी व चीजवस्तू ठेवण्यासाठी असे. धान्यासाठी पेव आणि बळद यांचा उपयोग होई. माणसांनी तेथे कायम राहावे अशी कल्पना नव्हती. आजच्या शहरांतील इमारतींत तळघराला सहसा वाहनतळ, साठवण व यंत्रसामग्री यांसाठीच परवानगी मिळते. या मर्यादेमागचे कारण भारतात इतरत्रही दिसून आले आहे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतील ओल्ड राजेंद्र नगर येथे एका शिकवणी संस्थेच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या तळघराला साठवणीसाठी परवानगी होती, ग्रंथालयासाठी नव्हती.